ट्रॅक्टरच्या तेलनळीची गळती : शोध व दुरुस्ती

वाफसा आला म्हणजे शेतकऱ्याच्या हाती मोजकेच दिवस असतात. अशा वेळी ट्रॅक्टर बंद पडला तर पेरणी लांबते आणि जमिनीतील ओलही जाते. पुष्कळदा या खोळंब्याचे मूळ एखाद्या झिजलेल्या वॉशरात किंवा ढिल्या झालेल्या पट्टीत असते. तेलनळीची गळती बहुधा एका दिवसात वाढत नाही. ती आरंभीच ओळखली तर थोड्या खर्चात काम भागते.

तेलाचे कार्य

पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअर, मागील आस आणि हायड्रॉलिक लिफ्ट यांना एकच तेल पुरविलेले असते. पंप हे तेल पेटीतून ओढून घेतो व दाबाने लिफ्टकडे पाठवितो. काही ट्रॅक्टरांत तापलेले तेल रेडिएटरजवळील तेल-शीतकातून फिरून, थंड होऊन परत येते. म्हणून नळी गळू लागली म्हणजे केवळ लिफ्टच मंदावते असे नव्हे, तर गिअर व बेअरिंगे यांचेही वंगण कमी होते.

दर सेकंदास एक थेंब पडत असेल तर तासाला 3,600 थेंब होतात. 25 थेंबांचा एक मिलिलिटर धरल्यास दहा तासांच्या कामात सुमारे दीड लिटर तेल मातीत जाते. वरचेवर तेल ओतून काम चालविण्यापेक्षा नळी दुरुस्त करणेच स्वस्त पडते.

गळती कशी शोधावी

तेल वाऱ्याने मागे पसरते, म्हणून जेथे ते ठिबकते तेथेच छिद्र असेल असे समजू नये. प्रथम नळ्या व सांधे रॉकेलने स्वच्छ करून कोरड्या चिंधीने पुसावेत. या कामी पेट्रोल वापरू नये. नंतर इंजिन मंद गतीने चालवून सर्वात वरचा ओला भाग कोणता ते पाहावे. रबरी नळी कडक झाली आहे काय, लोखंडी नळी सांगाड्यावर घासते काय, हेही तपासावे.

तेल बाहेर न पडता त्यास फेस येत असेल व पंप आवाज करीत असेल, तर तेलाची पातळी पाहावी. ती योग्य असल्यास ओढणीच्या नळीतून हवा आत शिरत असण्याचा संभव असतो. तेल दुधासारखे दिसल्यास त्यात पाणी गेले आहे असे समजावे.

सावधगिरीची सूचना

गळती शोधण्यासाठी नळीवरून हात कधीही फिरवू नये. लिफ्टच्या नळीत दर चौरस सेंटिमीटरला शंभर किलोग्रॅमहूनही अधिक दाब असू शकतो. बारीक छिद्रातून निघालेली तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. जखम सुईच्या टोचणीएवढी दिसते व प्रथम फारशी दुखतही नाही. परंतु आतील मांस सडून बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. असे घडल्यास घरगुती उपचारांत वेळ न घालविता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ जावे व तेल आत शिरल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. तपासणीसाठी पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरावा.

दुरुस्तीचा क्रम

1. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून अवजार जमिनीवर टेकवावे. ब्रेक लावून चाकांना दगड द्यावेत.

2. इंजिन बंद करून लिफ्टचा दांडा चार-सहा वेळा खालीवर करावा, म्हणजे दाब उतरतो. तेल थंड होऊ द्यावे.

3. सांध्याभोवतीची माती काढून खाली स्वच्छ घमेले ठेवावे.

4. सांधा उघडताना दोन पाने वापरावेत. एकाने शीतकावरील फिटिंग धरून ठेवावे व दुसऱ्याने नट फिरवावा. एकाच पान्याने जोर दिल्यास शीतकाची नळी पिळली जाऊन मोडते.

5. जुना वॉशर किंवा ओ-रिंग पुन्हा बसवू नये. नव्या ओ-रिंगला स्वच्छ तेल लावावे. नट प्रथम हाताने आट्यांवर बसवून मगच पान्याने आवळावा; फाजील जोर देऊ नये.

6. फुटलेली नळी त्याच मापाची व तितकाच दाब सोसणारी नवी घालावी. पाण्याची रबरी नळी तेलात फुगते. दाबाच्या नळीस डाग देणे किंवा सुतळी, लांबी लावणे धोक्याचे आहे.

7. नळी कोठेही घासणार नाही अशा रीतीने पट्टीने बांधावी.

यानंतर यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलेले तेल डिपस्टिकवरील खुणेपर्यंत भरावे. इंजिन चालवून लिफ्ट काही वेळा वरखाली करावी, म्हणजे नळीतील हवा निघून जाते. इंजिन बंद करून पातळी व सांधे पुन्हा पाहावेत. पहिल्या दिवसाच्या कामानंतरही ही तपासणी करावी.

घमेल्यातील तेल शेतात किंवा विहिरीजवळ ओतू नये. ते झाकणाच्या डब्यात साठवून वापरलेले तेल घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी एखाद्या ट्रॅक्टरवर पुठ्ठ्याची व दोन पान्यांची रीत प्रत्यक्ष करून दाखवावी. ज्या जागी ट्रॅक्टर रात्री उभा राहतो, तेथील जमीन सकाळी पाहण्याची सवय चालकास लागली, तर गळती वेळीच ध्यानात येईल व ऐन पेरणीतील खोळंबा टळेल.