लेन्स कळत नाही, म्हणूनच

सातारा

चि. गार्गीस,


ताई सांगत होती, तू हल्ली रात्रीच्या बसने पुणे-नागपूर करतेस आणि लेन्स डोळ्यांतच ठेवून झोपतेस. तिने टोकलं तर तुझं उत्तर तयार : ‘अगं, डोळ्यात काही आहे हे मला कळतसुद्धा नाही.’ हे उत्तर दिलं नसतंस, तर मी फोनवर दोन शब्द बोलून विषय संपवला असता. पण चांगली शिकलेली माणसंही नेमकी याच भरवशावर राहतात, म्हणून हे लांबलचक पत्र. कंटाळलीस तरी पुरतं वाच.

बुबुळापुढचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. मधोमध त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात एकही रक्तवाहिनी नाही, म्हणून तर त्यातून आरपार दिसतं. साखर त्याला आतल्या पाण्यातून मिळते, पण प्राणवायू मुख्यतः समोरच्या हवेतून, अश्रूंच्या पातळ थरात विरघळून. डोळा मिटला की ती वाट बंद. मग पापणीच्या आतल्या रक्तवाहिन्यांवर भागवायचं, आणि तिथून मिळतो तो उघड्या डोळ्याच्या साधारण एक-तृतीयांश. त्यामुळे लेन्स न लावणाऱ्याचाही कॉर्निया रात्रभरात तीन-चार टक्के सुजतो आणि सकाळी डोळे उघडल्यावर थोड्या वेळात उतरतो. डोळ्याला जेवढं सोसतं तेवढं तो रोज रात्री सोसतच असतो. तू त्यावर आणखी एक झाकण ठेवतेस.

कडक लेन्स लहान असते, पापणी लवली की हलते आणि तिच्याखाली ताजे अश्रू शिरतात. सॉफ्ट लेन्स सगळा कॉर्निया झाकून वर पांढऱ्या भागावरही टेकते. तिच्याखाली अश्रूंची अदलाबदल नावापुरतीच. म्हणजे प्राणवायू यायचा तो लेन्सच्या अंगातूनच. तो कमी पडला की साखर अर्धवट वापरली जाते, लॅक्टेट साचतं आणि ते मधल्या थरात पाणी ओढून घेतं. सूज पाच-सहा टक्क्यांवर गेली की आम्हा डोळे तपासणाऱ्यांना स्लिट लॅम्पखाली बारीक उभ्या रेघा दिसू लागतात. तुला मात्र सकाळी थोडं धुरकट दिसेल, आणि तू म्हणशील, झोप झाली नाही.

आता तुझ्या उत्तराकडे येते. शरीरातल्या सगळ्यात हळव्या जागांपैकी कॉर्निया एक; धुळीचा कण गेला तरी माणूस कळवळतो. पण प्राणवायू दीर्घकाळ कमी पडत राहिला की त्याची संवेदनाच मंदावते. ज्याने ओरडायचं, त्याचाच आवाज बसतो. वर्षानुवर्षं लेन्स लावणारी कितीतरी मंडळी ‘मला काहीच त्रास नाही’ म्हणत खुर्चीत बसतात, आणि तपासायला घ्यावं तर कॉर्नियाच्या काठावरून केसाहून बारीक लाल फाटे आत शिरलेले असतात. जिथे रक्तवाहिनी असायला नको, तिथे डोळा ती स्वतः उगवतो. लेन्स थांबवली की त्यांतलं रक्त ओसरतं, रिकाम्या नळ्या मात्र मागे राहतात. आणि कॉर्नियातलं पाणी बाहेर काढणाऱ्या अगदी आतल्या थरातल्या पेशी लहानमोठ्या, वेड्यावाकड्या होतात. माणसाच्या डोळ्यात त्या नव्याने तयार होत नाहीत.

तू म्हणशील, मावशी जुन्या लेन्सबद्दल बोलते आहे. काही अंशी खरं आहे. ऑटो विख्टर्ले या चेक रसायनशास्त्रज्ञाने १९६१ साली प्रागमधल्या घरी, मुलांच्या खेळण्याचे सुटे भाग आणि सायकलचा डायनामो जोडून केलेल्या यंत्रावर सॉफ्ट लेन्स बनवल्या. (मला या माणसाचं फार कौतुक वाटतं.) त्या लेन्सच्या हेमा नावाच्या प्लॅस्टिकमधून प्राणवायू जातो तो त्यातल्या पाण्यातून, त्यामुळे पाण्याची मर्यादा तीच लेन्सची मर्यादा. १९८४ मध्ये ब्रायन होल्डन आणि जॉर्ज मर्ट्झ यांनी किती प्राणवायू पुरेल याचा आकडा काढला. लेन्समधून प्राणवायू किती जातो याला डीके/टी म्हणतात : दिवसा वापरायला किमान २४, रात्री लावून झोपायला ८७. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस सिलिकॉन हायड्रोजेल आलं. सिलिकॉनमधून प्राणवायू सहज जातो, आणि त्यांतल्या बऱ्याच लेन्सचे आकडे शंभरापुढे आहेत.

पण कंपनी देते त्या आकड्यालाही फसू नकोस. तो बहुधा मायनस तीनच्या लेन्सचा, आणि तोही मध्यभागी मोजलेला. तुझा नंबर साडेसहा. मायनसची लेन्स मधे पातळ आणि काठाकडे जाड. नंबर वाढेल तसा काठ आणखी जाड. म्हणजे प्राणवायू सगळ्यात कमी पोचतो तो नेमका काठाशी, जिथून ते लाल फाटे निघतात. आणि ऋताच्या लग्नात हळदीला घालायला पार्लरवालीकडून घेतलेल्या त्या घाऱ्या लेन्स? त्या सरळ टाकून दे. कसल्या प्लॅस्टिकच्या आहेत हे विकणारीलाही ठाऊक नसतं.

समजा तुझी लेन्स उत्तम सिलिकॉन हायड्रोजेलची आहे. तरीही झोपताना ती काढायचीच. नव्या लेन्स आल्या तेव्हा आम्हालाही वाटलं होतं, प्राणवायूचा प्रश्न मिटला की जंतुसंसर्गही कमी होईल. तसं झालं नाही. मिटलेल्या पापणीमागे लेन्सखाली अश्रू साचून राहतात, जंतूंचं फावतं. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागातल्या अभ्यासात, दिवसाच सॉफ्ट लेन्स लावणाऱ्या दहा हजारांत वर्षाला चारेक जणांना कॉर्नियाचा व्रण झाला होता. लावून झोपायच्या लेन्सवाल्यांत एकवीसेक जणांना. नव्या साहित्यानेही रात्रीचा हा धोका फारसा उतरलेला नाही. व्रण भरतो, पण डोळ्यात फूल पडतं, आणि ते नेमकं मधोमध पडलं तर चष्माही उपयोगी पडत नाही.

बसमध्ये बसण्याआधी साबणाने हात धुऊन, कोरडे करून लेन्स काढ आणि चष्मा लाव. डबीत रोज नवं सोल्युशन घाल. नळाचं किंवा बाटलीचं पाणी कधीही नको. घरी आल्यावर संध्याकाळी थोडा वेळ डोळे उघडे राहू देत. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना, तर लेन्स काढून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि लेन्स डबीसकट बरोबर ने, त्यांना तपासायला लागते. केमिस्टकडून थेंब आणू नकोस; त्यांत स्टेरॉइड निघालं तर व्रण चिघळतो.

तुझ्या लेन्सच्या खोक्याची जिथे बारीक अक्षरं आहेत त्या बाजूचा फोटो मला आजच पाठव. आणि दिवाळीला येशील तेव्हा आदल्या दिवसापासून लेन्स लावू नकोस, मला तुझे डोळे तपासायचे आहेत.

तुझी,
सुधामावशी