चाकांवरच्या घराचा उन्हाळा: मावशीचा कानमंत्र

जुलैत आरव्ही भाड्याने घेऊन ॲरिझोना फिरायचं ठरवलंयस म्हणे, तेही दोन पोट्टे सोबत घेऊन. छान केलंस. 'नागपुरात वाढलोय, मला काय ऊन सांगता' हे तुझं वाक्य ताईने फोनवर ऐकवलं. हेच वाक्य पहिल्या वर्षी मी म्हणाले होते, बाप्पा. नागपूरच्या आपल्या घराला दीड फुटाची भिंत होती. या गाडीची भिंत दीड-दोन इंचांची. बाहेर ११० फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशोबात ४३ झालं, की आत डब्यातल्या गरम पोळीसारखा घाम सुटतो. बऱ्याचशा चुका मी तुझ्या काकांच्या नावावर खपवल्या आहेत. त्यातून शिकले ते हे.

१. रस्ता आखताना मैलांच्या आधी उंची बघ — हजार फूट चढलं की साडेतीन ते पाच अंश फॅरनहाइट उतरतात. फिनिक्स साधारण अकराशे फुटांवर, फ्लॅगस्टाफ जवळजवळ सात हजारांवर, आणि मधलं अंतर दीडशे मैलही नाही. अमरावतीकर मे महिन्यात चिखलदरा का गाठतात, तेच इथे.

२. मुक्कामाला वीज आहे का, हे जागा घेण्याआधी विचार — ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर ट्रेलर व्हिलेजमध्ये हूकअप, म्हणजे विजेची जोडणी, आहे, जवळच्या मेथर कॅम्पग्राउंडवर नाही. वर रात्री पांघरूण लागतं म्हणून तिथे विजेवाचून निभावेल. खाली वाळवंटात असलं धाडस करू नकोस.

३. निवड तुझ्या हातात असेल तर गाडीचं तोंड दक्षिणेला कर — ऑनिंग, म्हणजे गाडीतून बाहेर ओढायचं कापडी छप्पर, उजव्या अंगाला असते, ती मग पश्चिमेला येते आणि तीन ते सहाचं मारकं ऊन तीच झेलते. समोरच्या काचेची काळजी नको, जुलैतला दुपारचा सूर्य डोक्यावरून जातो.

४. ऑनिंग उघडी टाकून कुठेही जायचं नाही, अगदी बर्फ आणायलासुद्धा नाही — ॲरिझोनातही मान्सून असतो, १५ जून ते ३० सप्टेंबर, आणि तो पावसाच्या आधी वारा धाडतो. आम्ही दहा मिनिटांनी परतलो तेव्हा ऑनिंग छतावर पडली होती, गच्चीवर वाळत घातलेल्या लुगड्यासारखी. दांड्या वाकलेल्या, आणि शेजारचा अमेरिकन म्हातारा हातात दोरी घेऊन आमची वाट बघत उभा.

५. पुढच्या मोठ्या काचेला चंदेरी पडदा लाव, आणि जमलं तर बाहेरून लाव — आतून लावला तर ऊन काच ओलांडून आलेलंच असतं. आत आलेलं ऊन म्हणजे पाटावर बसलेला पाहुणा. जेवल्याशिवाय उठत नाही.

६. छतावरच्या चौकोनी झडपेत तिच्या मापाची फोमची उशी बसव — सगळ्यात जास्त ऊन तिथूनच डोक्यावर ओततं. मात्र पंखा लावण्याआधी उशी काढ. हे मी लिहितेय म्हणजे का ते समजून घे.

७. ए.सी. दुपारी एकला नाही, सकाळी आठला लाव — गाद्या, कपाटं, फरशी एकदा तापली की तो नुसता हवा गार करत नाही, सगळ्या सामानाची उष्णता काढत बसतो, आणि ते त्याला रात्रीपर्यंत जमत नाही. सकाळचा गारवा पगार, दुपारचा गारवा उधारी. दिवसभर भटकून तापल्या गाडीत परतलास तर आधी खिडक्या उघडून छताच्या पंख्याने दहा मिनिटं आतली हवा बाहेर फेक, मग ए.सी. लाव.

८. आकडा ६५ वर ठेवून ए.सी.कडे रागाने बघू नकोस — तो जी हवा आत ओढतो ती साधारण वीस अंशांनी गार करून सोडतो, त्यापलीकडे त्याची ताकद नाही. बाहेर ११० असताना आत ८० मिळालं तर गूळ खा. एक साधा थर्मामीटर जाळीपाशी आणि एकदा झोताच्या तोंडाशी धर. फरक दहावर आला असेल तर फिल्टर काढून धू. आमच्या फिल्टरवर एकदा कुत्र्याच्या केसांची गोधडी निघाली होती, आणि आमच्याकडे कुत्रा नाही.

९. ३० अँपच्या जोडणीवर घरच्यासारखं वागू नकोस — तीस गुणिले १२० व्होल्ट, म्हणजे सगळे मिळून ३६०० वॅट, आणि त्यातले निम्म्याच्या आसपास ए.सी.च खातो. पाणी तापवायचं बटण चालू, मायक्रोवेव्ह चालू, वर काकांचा चहा, की ब्रेकर पडलाच. आमच्याकडे आता नियम आहे: मायक्रोवेव्ह लावणाऱ्याने 'लावतोय' असं ओरडायचं.

१०. भिंतीच्या प्लगला लावायचा छोटा व्होल्टमीटर घे आणि दुपारी चारला त्याच्यावर नजर टाक — सगळ्या कॅम्पग्राउंडचे ए.सी. एकदम धापा टाकतात तेव्हा दाब घसरतो आणि कॉम्प्रेसर जळतो. काटा १०५ च्या आसपास आला की ए.सी. बंद करून मुलांना पाण्यावर ने.

११. फोडणी बाहेर, ऑनिंगखालच्या शेगडीवर — आत केलीस तर उष्णता, वाफ आणि मोहरीचा वास तिन्ही मुक्कामाला राहतात. कुकरही बाहेरच. शिट्टी ऐकून शेजारी येतात, त्यांना भात वाढायचा.

१२. पाण्याचा कूलर कोरड्या हवेतच घे — आपल्या वाळ्याच्या ताट्यांचा कूलर नागपुरात चालतो आणि मुंबईत का नाही, हे तुला ठाऊक आहे. ॲरिझोनात माझा छोटा कूलर राजा होता. तोच कौतुकाने टेक्सासच्या किनाऱ्यावर, गॅल्व्हस्टनला नेला, तर गाडीची न्हाणी झाली. पापडसुद्धा मऊ पडले.

१३. गॅसवरही चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रिज असेल तर आदल्या रात्रीच सुरू कर आणि गाडी समपातळीत उभी कर — तो उष्णतेवरच गारवा करतो, तिरका उभा राहिला की आतला द्रव नीट फिरत नाही. गरम आमटी त्यात ठेवायची नाही.

१४. संडासात पाणी सोडताना छताचा पंखा बंद — पंखा हवा वर ओढतो, आणि उन्हात तापलेल्या टाकीतली हवाही हवाच असते. याहून जास्त लिहीत नाही, तू कदाचित जेवताना वाचत असशील.

१५. लांब चढाला ए.सी. बंद, खिडक्या उघड्या — इंजिनाला एका वेळी एकच काम सांगावं. इंजिनाच्या तापमानाचा काटा तरीही वर चढला तर पुढचा हीटर पूर्ण सोड. तो इंजिनातली उष्णता आत ओढतो. मुलं बोंबलतील, बोंबलू दे.

१६. टायरची हवा पहाटे, गाडी हलायच्या आधी तपास — धावून तापल्यावर दाब वाढतो, तो बघून हवा सोडलीस तर गार झाल्यावर टायर बसका निघतो, आणि बसका टायरच उन्हात फाटतो.

१७. मुलांना किंवा कुणाचं कुत्रं सांभाळायला घेतलं असेल तर त्याला, ए.सी.च्या भरवशावर गाडीत ठेवून जायचं नाही — कॅम्पग्राउंडची वीज न सांगता जाते. आणि जनरेटर चालू असताना त्याच्या धुराच्या बाजूची खिडकी मिटलेली हवी, कार्बन मोनॉक्साइड सूचक यंत्राची बॅटरी स्वतः बघायची. यात मी चेष्टा करत नाही.

१८. नळीचं पहिलं पाणी मुलांच्या अंगावर उडवू नकोस — उन्हात पडलेल्या नळीतलं पाणी चहाचं असतं.

१९. माठ घेऊन जा — तिथली हवा इतकी कोरडी, की ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ फ्रिजच्या तोंडात मारतो. आमचा प्रवासात बेसिनमध्ये, दोन टॉवेलांच्या मध्ये बसतो. गुरुवारी येऊन ने. झाकण फुटलंय, वर स्टीलची ताटली ठेव.