शेळ्यामेंढ्यांच्या पोटातील जंत व चराईची शिस्त

बिद्री (तालुका कागल) व दूधगंगा-वेदगंगेच्या खोऱ्यातील गावांत पाऊस लागला की बांध, पड जमिनी व ओढ्याचे काठ हिरवे होतात. शेळ्यामेंढ्यांना चारा मुबलक मिळतो. तरीही श्रावण-भाद्रपदात कोकरे व करडे खंगू लागतात. चारा भरपूर असून जनावर खंगत असेल, तर प्रथम जंतांचा संशय घ्यावा.

जंत कसे वाढतात?

चौथ्या पोटात राहणारा गोल जंत हा सर्वांत घातक होय. तो रक्त पितो. असे एक हजार जंत दररोज सुमारे ५० मिलिलिटर रक्त नाहीसे करतात. एक मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी घालते. ती लेंड्यांवाटे बाहेर पडतात. ऊब व ओल मिळाल्यास साधारण आठवड्यात त्यांतून बाधक अळ्या तयार होऊन गवतावर चढतात व चाऱ्याबरोबर पोटात जातात. सुमारे तीन आठवड्यांत त्यांचे अंडी घालणारे जंत बनतात.

लक्षणे

पापणीची आतील बाजू पांढुरकी पडते, जबड्याखाली पाणी साठून सूज येते, जनावर कळपाच्या मागे रेंगाळते. हगवण लागेलच असे नाही. म्हणूनच हा रोग उशिरा ध्यानात येतो.

औषधांवाचून करावयाचे उपाय

१. दंव वाळल्यावरच कळप चरावयास सोडावा. अळ्या गवताच्या बुडाशी अधिक असतात. म्हणून चराई बुडापर्यंत होऊ देऊ नये.

२. पावसाळ्यात एका तुकड्यावर चार दिवसांहून अधिक चारू नये व तेथे निदान पाच-सहा आठवडे परतू नये.

३. मधल्या काळात तेथे गाईम्हशी चाराव्यात. मेंढ्यांचे बहुतेक गोल जंत त्यांच्या पोटात वाढत नाहीत.

४. शेळ्यांना उंचावरील झाडपाला द्यावा. तेथवर अळ्या पोहोचत नाहीत.

५. डबक्याकाठी चारू नये. तेथील गोगलगाईंमुळे यकृतातील चपट्या कृमींची बाधा होते, व ती गुरांनाही होते.

पावसाळ्यात कळप कोरड्या मुलखात नेण्याची धनगर बांधवांची जुनी रीत या दृष्टीनेही शहाणपणाची आहे. कळप पुढे सरकतो आणि मागील रानाला विसावा मिळतो.

औषध केव्हा द्यावे?

सरसकट व वारंवार औषध दिल्याने त्याला न जुमानणारे जंत उरतात व तेच वाढतात. दक्षिण आफ्रिकेत निघालेल्या 'फमाचा' पद्धतीत पापणीचा रंग पाच छटांच्या पट्टीशी ताडून पाहतात व फिक्या जनावरांनाच औषध देतात. पावसाळ्यात दर पंधरवड्यास पापण्या तपासाव्यात. औषधाची मात्रा वजनावरून व पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरवावी. अपुरी मात्रा देऊ नये. सेंद्रिय कळपातही आजारी जनावर औषधावाचून मरू देणे योग्य नव्हे. औषध द्यावे, त्याची नोंद ठेवावी व दूध-मांस विकण्यापूर्वी ठरलेला काळ पाळावा.

ग्रामसेवकांनी प्रत्येक कळपातील काही जनावरांच्या ताज्या लेंड्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणीसाठी पाठविण्यास पशुपालकांना साह्य करावे. पहिले कोकरू दगावण्यापूर्वी केलेली तपासणीच खरी उपयोगाची.