फोमचा किल्ला

दिवाळींत मातीचे किल्ले बांधण्याची आपल्याकडील चाल आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. तो किल्ला मुख्यतः पाहण्यासाठीं असतो. युरोपांत मेजावर लुटुपुटूच्या लढाया खेळणारे हौशी लोक जो किल्ला करितात, तो मात्र वापरण्यासाठीं असतो. त्याच्या तटावर पेरभर उंचीचे शिपाई उभे राहतात, दरवाजावर हल्ले होतात, भिंतीस शिड्या लागतात. असा किल्ला फोमचा कसा करावा आणि तो करतां करतां काय शिकावें, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा खेळ जुना आहे. प्रशियांतील राइसविट्स नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें १८२४ सालीं नकाशावरील युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. पुढें १९१३ सालीं एच. जी. वेल्स या इंग्रज ग्रंथकारानें ‘लिटल वॉर्स’ हें पुस्तक लिहून खेळण्यांतील शिपायांची लढाई नियमांत बसविली.

नमुना करण्यापूर्वीं एखादा खरा किल्ला समोर ठेवावा. आपण फ्रान्समधील ‘शातो गायार’ घेऊं. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड यानें तो ११९६ ते ११९८ या काळांत नॉर्मंडींत, सेन नदीकांठच्या टेकडीवर बांधिला. त्यांत एकापुढें एक अशीं तीन आवारें असून मध्यें खंदक आहेत. शेवटच्या आवाराची भिंत सरळ नाहीं. ती अर्धवर्तुळाकार फुगवट्यांची आहे. फुगीर पृष्ठावर यंत्रानें फेंकलेला धोंडा सपाट बसत नाहीं, म्हणून ही योजना. अशीं कारणें प्रथम समजून घ्यावीं. मग सुरी हातीं धरावी.

आतां माप. या खेळांतील शिपाई बहुधा २८ मिलिमीटर उंच असतो. म्हणजे प्रमाण सुमारें एकास साठ झालें. त्या हिशोबानें १२ मीटरांचा तट २० सेंटिमीटर उंच होईल. शिपायाची बैठक सुमारें २५ मिलिमीटर रुंद असते, म्हणून फांजी, म्हणजे तटावरील चालण्याची वाट, ४ सेंटिमीटर ठेवावी. बाहेरच्या कडेस १ सेंटिमीटर जाडीचा दातेरी कठडा बसवावा; म्हणजे भिंतीची जाडी ५ सेंटिमीटर झाली. मेजावर जागा थोडी असल्यास तटाची लांबी कमी करावी. उंची व फांजी यांस हात लावूं नये.

फोम दाट व बारीक पोताचा असल्यास उत्तम. थर्माकोल कापतांना त्याचे मणी सुटतात. तरी यंत्रांच्या खोक्यांतून घरीं आलेला थर्माकोल टाकून देण्यापेक्षां त्यावर पातळ डिंकांत भिजविलेले कागद चिकटवून तोच वापरावा, हें आम्हांस अधिक योग्य वाटतें. कारण हा पदार्थ कुजत नाहीं. कापतांना पडलेला चुरा देखील वेंचून ठेवावा.

तटाचे ३० सेंटिमीटरांचे सुटे भाग करावे. बुरुजासाठीं अडीच सेंटिमीटर जाडीच्या दहा चकत्या एकावर एक चिकटविल्या, कीं तो तटाहून ५ सेंटिमीटर उंच होतो. अर्ध्या चकत्या शेजारीं शेजारीं लाविल्या, कीं गायारची फुगवट्यांची भिंत साधते. बोथट पेन्सिलीनें दगडांचे सांधे कोरावे. चुरगळलेल्या चांदीच्या कागदाचा गोळा दाबला असतां दगडाचा खडबडीतपणा येतो. सुरी चालवितांना वडील माणूस जवळ असावें. तापलेल्या तारेनें फोम कापल्यास अपायकारक धूर निघतो, म्हणून तें काम मोठ्यांनींच मोकळ्या हवेंत करावें. फवाऱ्याच्या रंगानें फोम विरघळतो. यासाठीं प्रथम पांढरा गोंद मिसळलेल्या पाण्याच्या रंगाचा हात द्यावा. तो वाळल्यावर भुरकट पांढरा दगडी रंग लावावा.

आतां खेळाकडे वळूं. फ्रान्सचा राजा दुसरा फिलिप यानें १२०३ सालीं या किल्ल्यास वेढा दिला आणि मार्च १२०४ मध्यें तो घेतला. पहिल्या आवाराचा बुरूज खालून पोखरून पाडण्यांत आला. दुसऱ्या आवारांत कांहीं शिपाई एका इमारतीच्या अरुंद उघड्या जागेंतून शिरले, असें सांगतात. जाड भिंती बांधून एक भोंक विसरल्यास काय होतें, हें त्यावरून दिसतें. तेव्हां तुमच्या नमुन्यांतही तें भोंक अवश्य ठेवा व खेळांत त्याचें रक्षण करा.

या वेढ्यांतील एक गोष्ट मात्र कोणत्याही मेजावर मांडली जात नाहीं. पायथ्याच्या गांवांतील लोक किल्ल्याच्या आश्रयास आले होते. धान्य पुरेना, म्हणून किल्लेदारानें त्यांस बाहेर काढलें. प्रथम कांहींना फ्रेंच सैन्यानें जाऊं दिलें. पुढें वाट अडविली. किल्ल्याचे दरवाजेही उघडेनात. बायका, मुलें, म्हातारीं माणसें ऐन हिंवाळ्यांत दोन सैन्यांच्या मध्यें अडकलीं आणि भुकेनें व थंडीनें पुष्कळ मेलीं. खेळाच्या पेटींत राजा असतो, धनुर्धारी असतात. या लोकांसाठीं सोंगटी नसते. आमची अशी सूचना आहे, कीं तट व छावणी यांच्या मधल्या जागेंत, कोणत्याच पक्षाचीं नसलेलीं चार-दोन माणसें मांडावीं आणि त्यांस सुखरूप बाहेर नेणाऱ्यास अधिक गुण द्यावे. वेल्सनेंही आपल्या पुस्तकाच्या अखेरीस खऱ्या युद्धाचा मूर्खपणाच दाखविला होता. पुढच्याच वर्षीं महायुद्ध पेटलें. पडलेला खेळण्यांतला शिपाई दुसऱ्या डावास पुन्हां उभा करितां येतो; वेढ्यांत मेलेल्या त्या गांवकऱ्यांस दुसरा डाव नव्हता.