पंखा काढलाच आहे, तर गिअर ऑइलही बदला

ताईंनो, १ जूनला मासेमारी बंद झाली की मिरकरवाड्यात होड्या वर येतात. आउटबोर्डचं गिअर ऑइल तेव्हाच बदला. गिअर गेला तर गटाचं कर्ज त्यातच जातं.

आधी प्लगची वायर काढा. इंजिन उभं ठेवून खालचा स्क्रू काढा, मग वरचा. तेल डब्यात घ्या, बंदरात नको. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय; सील बदलायला हवं. पुष्कळदा पंख्यामागे गुंडाळलेला तंगूसच सील कापतो, म्हणून पंखा काढून बघाच.

नवं तेल खालून भरा, वरून येईपर्यंत. आधी वरचा स्क्रू लावा, मग खालचा. शाफ्टला ग्रीस, वॉशर होते तसेच, आणि कॉटर पिन नवीच. जुनी तुटली तर नट सुटून पंखा भर समुद्रात जातो.