गिअर आणि डावा हात

लहानपणी जेवताना आजीने माझा डावा हात कितीदा ताटावरून बाजूला सारला, याची गणती नाही. शाळेतही पेन्सिल उजव्या हातात देण्यात आली. त्यामुळे गेल्या वर्षी शिकाऊ परवाना काढून मी मोटार शिकायला गेले, तेव्हा शिकवणाऱ्या काकांचे पहिलेच वाक्य मनाला लागले. "डावखुरी आहेस? मग तुला गिअर जड जाणार." हे कितपत खरे आहे, हे तपासण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. समोरून येणारे वाहन नीट दिसावे म्हणून चालक उजवीकडे बसतो. साहजिकच दोन आसनांमधला गिअरचा दांडा त्याच्या डाव्या हाताशी येतो. अमेरिकेत किंवा जर्मनीत चालक डावीकडे बसतो, म्हणून तेथे गिअर उजव्या हाताने बदलतात. म्हणजे डावखुऱ्याला गिअर अवघड जायचा तर तो तिकडे! आपल्या देशात ही अडचण खरे तर उजव्यांची आहे. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर यांचा क्रम मात्र दोन्हीकडे सारखाच असतो.

मग मला काहीच त्रास झाला नाही काय? झाला, पण तो निराळा. वर्तकनगरहून सकाळी आम्ही उपवन तलावाकडे जात असू. डावा हात गिअरवर गेला की स्टिअरिंग एकट्या उजव्या हातात राही. तो माझा कच्चा हात. गाडी हळूच एका बाजूला ओढली जाई. येऊरच्या चढावर तर गाडी बंद पडून मागे घसरली. काकांनी दोष अर्थातच डाव्या हाताला दिला.

संध्याकाळी बाबांना हे सांगितले. बाबा रिक्षा चालवतात. रिक्षात क्लच आणि गिअर दोन्ही डाव्या मुठीत असतात. क्लच दाबून मूठच फिरवावी लागते. त्यांनी डावा तळवा पुढे केला. त्यावर घट्टे पडलेले होते. "मी काय डावखुरा आहे? पहिले पंधरा दिवस मनगट ठणकत होतं. अगं, गिअर हाताने नाही, कानाने बदलायचा."

याचा अर्थ मला पुढे कळला. इंजिन ठराविक फेऱ्यांच्या मर्यादेतच चांगली ओढ देते. पहिल्या गिअरमध्ये वेग कमी पण ओढ जास्त. वरच्या गिअरमध्ये याच्या उलट. इंजिन घरघरू लागले की खालचा गिअर हवा, फार ओरडू लागले की वरचा. हे कळायला हात डावा की उजवा, याचा काय संबंध?

माझ्यासारख्यांनी तीन गोष्टी कराव्यात. बंद गाडीत क्लच दाबून, दांड्याकडे न पाहता गिअर बदलण्याचा सराव करावा. वळण येण्याआधीच गिअर बदलून घ्यावा, म्हणजे वळताना दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतात. आणि मोकळ्या, सरळ रस्त्यावर गिअर बदलताना एकट्या उजव्या हाताने गाडी सरळ रेषेत ठेवायला शिकावे. सराव हवा तो त्या हाताला.

मला पक्का परवाना मिळाला. आमचे घर बाबांच्या डाव्या हातावर चालले आहे, हे मी आजीला एकदा बोलून दाखवले. ती काही बोलली नाही. प्रसाद मात्र अजून माझ्या उजव्याच हातावर ठेवते.