खात्री झाल्याशिवाय हिरवा नाही

स्टेशन मास्तर म्हणून माझी उमेदीची वर्षं दौंड–मनमाड या तेव्हाच्या एकेरी मार्गावर गेली आणि पुढची मोठ्या यार्डांत. ‘गाडी उगाच थांबवून ठेवतात’ ही प्रवाशांची तक्रार मी नोकरीभर ऐकली. उगाच कुणी थांबवत नाही. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, त्यानंतर इंजिनं बदलली, सिग्नल बदलले. पुढची लाइन मोकळी आहे याची खात्री पटल्याखेरीज गाडी सोडायची नाही, हे मात्र आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलं जातं. ही खात्री कशी करून घ्यायची, ते कामानं मला शिकवलं.

१. आधी लाइन ओळखा.
स्टेशनातून सरळ जाते ती मेन लाइन. सांध्यावरून बाजूला फुटून पुढे पुन्हा मेनला मिळते ती लूप. माल भरायला-उतरवायला किंवा डबे ठेवायला बाजूला काढलेली ती सायडिंग. थ्रू जाणारी गाडी मेनवरून काढायची आणि जिला थांबवायचं तिला लूपवर घ्यायचं, हा साधा नियम. लूपवर वळताना सांध्यावर वेग बहुधा ताशी ३० किलोमीटर किंवा त्याहूनही कमी ठेवावा लागतो. पूर्ण लांबीची मालगाडी सुमारे ७०० मीटर भरते, त्यामुळे ती लूपमध्ये मावेल का, हा हिशोब गाडी येण्याआधीच करावा लागतो. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्यांचं क्रॉसिंग याच लूपच्या जोरावर होतं. तुमची पॅसेंजर लूपवर ताटकळते, तेव्हा तिच्यामुळे दुसऱ्या गाडीला वाट मिळत असते.

२. गाडी आत आली, एवढ्यानं भागत नाही.
दोन लाइनी जिथे एकमेकींजवळ येत जातात, तिथे त्यांच्या मधोमध पांढरा रंगवलेला एक बुटका ठोकळा असतो. तो फाउलिंग मार्क. गाडीचा शेवटचा डबा त्याच्या आत आला पाहिजे. बाहेर राहिला, तर शेजारच्या लाइनीवरची गाडी त्याला घासणार. नव्या सांधेवाल्याला मी आधी या ठोकळ्यापाशी उभं करत असे. उभ्या डब्याचा कोपरा आणि शेजारचा रूळ यांत किती जागा उरते, हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं म्हणून. एकदा पाहिलं की पुस्तकातला नियम पाठ करावा लागत नाही.

३. एका ब्लॉकमध्ये एकच गाडी.
दोन स्टेशनांमधल्या टप्प्याला ब्लॉक सेक्शन म्हणतात. मुंबईच्या लोकल मार्गांसारख्या मार्गांवर सिग्नल आपोआप बदलत असल्यानं गाड्या एकमेकींमागे लवकर सोडता येतात. पण इतरत्र पुढच्या स्टेशननं ‘लाइन क्लियर’ दिल्याशिवाय गाडी सुटत नाही. जुन्या एकेरी मार्गांवर यासाठी बॉल टोकन असायचं. दोन्ही स्टेशनांची यंत्रं विजेच्या तारेनं जोडलेली, एका वेळी एकच गोळा बाहेर निघणार आणि तो हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर हलणार नाही. लाइन क्लियर देण्याआधी आधीची गाडी पूर्ण आत आलेली हवी, तिच्या मागचे सिग्नल लाल झालेले हवेत आणि बहुरंगी सिग्नलच्या स्टेशनात प्रवेशाच्या होम सिग्नलपुढची १८० मीटर लाइनही मोकळी हवी.

४. शेपूट पाहिल्याशिवाय गाडी ‘आली’ म्हणू नये.
धावत्या गाडीचं कपलिंग तुटून मागचे डबे सेक्शनमध्येच राहू शकतात. पुढचा भाग कधी कधी तसाच स्टेशनात दिमाखात येतो आणि पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. म्हणून शेवटच्या डब्यावर दिवसा ‘एलव्ही’ (लास्ट व्हेइकल) अक्षरांची पाटी आणि रात्री लाल दिवा असतो. गाडी भरधाव निघून जात असली, तरी स्टेशन मास्तरनं त्या खुणेची खात्री करूनच मागचा ब्लॉक मोकळा करायचा. मुसळधार पावसात ऑफिसच्या दारातून डोकावून भागत नसे. छत्री घेऊन बाहेर उभं राहावंच लागे.

५. ब्रेकचा भरवसा शेवटच्या डब्यात तपासा.
इंजिनापासून अखेरपर्यंत जाणाऱ्या ब्रेक पाइपात दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाबाची हवा भरलेली असते. दाब आहे तोवर ब्रेक सुटलेले राहतात, दाब उतरला की लागतात. म्हणून एरवी गाडी तुटून पाइप फाटला, तर दोन्ही तुकड्यांना आपोआप ब्रेक लागतो. पण पाइपावरचा मधला एखादा कॉक चुकून बंद राहिला, तर मागच्या डब्यांपर्यंत ड्रायव्हरचा ब्रेक पोचतच नाही. म्हणून निघण्याआधी ड्रायव्हर ब्रेक लावून दाब उतरवतो आणि गार्ड (२०२२ पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात) आपल्या गेजवरचा काटा उतरला का ते पाहतो. या कामात घालवलेली मिनिटं मी कधीच उशिरात मोजली नाहीत.

६. शंटिंगला घाई चालत नाही.
डबे काढणं-जोडणं ताशी १५ किलोमीटरच्या आत करायचं. पेट्रोलच्या टाक्या किंवा स्फोटकं असतील तर ताशी ८ च्या आत. रात्री सांधेवाला हिरवा दिवा डोक्यावर धरून मनगट फिरवू लागला की ड्रायव्हरनं समजायचं, डबे आता हलकेच भिडवायचे आहेत. आणि दिवा दिसेनासा झाला तर जागीच थांबायचं, कारण दिवा धरणारा माणूस त्या डब्यांच्या आसपासच कुठेतरी असतो. काम संपल्यावर डबे नुसते सोडून जायचे नाहीत. हँडब्रेक आवळायचे, चाकांखाली पाचर द्यायची, साखळी बांधून कुलूप लावायचं. यार्ड सपाट दिसतं, पण सुटलेल्या वाघिणीला किंचित उतारही पुरतो. कसारा–इगतपुरी घाटात तर ३७ मीटरला १ मीटर चढ आहे. तिथे गाड्यांना जादा बँकर इंजिनं लावतात, ती याच चढासाठी.

७. तोंडी खात्रीलाही पुरावा हवा.
फाटकवाल्याला फोन केला की ‘बंद आहे साहेब’ एवढ्यावर आम्ही थांबत नाही. तो आपल्या कागदावरचा प्रायव्हेट नंबर देतो, आम्ही तो वहीत उतरवतो आणि मग गाडी काढतो. वापरलेला आकडा लगेच खोडायचा. हा आकडा दर वेळी वेगळा, म्हणून तो सवयीनं बोलता येत नाही. कागद पुढ्यात घ्यावा लागतो, आणि तेवढ्यात माणूस फाटकाकडे पुन्हा एकदा बघतो. नोकरीत नव्यानं आलेल्या मुलांना माझं एवढंच सांगणं आहे: जे पाहिलं नाही ते ‘पाहिलं’ म्हणून कधीही वहीत लिहू नका, समोर कितीही मोठा साहेब उभा असला तरी. गाडीला झालेला उशीर पुढच्या स्टेशनांवर भरून काढता येतो. तुमच्या सहीवर विसंबून गाडीत झोपलेल्या हजार-दीड हजार माणसांना दुसरी संधी नसते.